इस्त्रीच्या टेबलाचं वस्त्रहरण

सोफ्याचं कव्हर पाहुणे येणार म्हणून बदलतात, उशीचे अभ्रे सणावारी बदलतात, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा झालरीचा झगा शिवणारी घरं मी पाहिली आहेत. इस्त्रीच्या टेबलाच्या कव्हराकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. टेबल घेताना आपण पाय डगमगतात का बघतो, उंची किती टप्प्यांत कमीजास्त होते ते विचारतो, इस्त्री टेकवायची जाळी हलवून पाहतो. वर कापड काय लावलंय, हे विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. मग एके दिवशी ऑफिसला निघताना पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर पिवळी भुकटी दिसते आणि टेबलालाही अंगभर कपडे लागतात, हे घराच्या ध्यानात येतं.

मुळात हे टेबल आपल्यासाठी जन्माला आलेलंच नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी सारा बून नावाची एक कृष्णवर्णीय शिवणकाम करणारी बाई होती. २६ एप्रिल १८९२ रोजी तिला इस्त्रीच्या फळीतल्या सुधारणेचं पेटंट मिळालं. बायकांच्या झग्यांच्या तंग बाह्या रुंद फळीवर नीट बसत नसत. एका बाजूची सुरकुती काढावी तर दुसऱ्या बाजूला नवी घडी पडे. म्हणून तिने फळी अरुंद केली, वळणदार केली आणि उलटसुलट वापरता येईल अशी केली. बाईचं डोकं मोठं होतं, यात वाद नाही. पण तिच्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांना बाह्या होत्या, खांदे होते, कंबर होती. आपल्या साडीला यातलं काय आहे? साडेपाच मीटरचा सरळसोट पट्टा. त्यातला हातभर टेबलावर आणि बाकीचा फरशी पुसतोय. नऊवारीचं नाव काढलं तर टेबल आपण होऊन पाय मिटून घेईल.

आपल्याकडे ही पंचाईत नव्हती, कारण टेबलच नव्हतं. पलंगावर सतरंजी, तिच्यावर कांबळं, त्यावर जुन्या धोतराची दुहेरी घडी. झालं. त्याआधी तर तांब्यात निखारे घालून तोच कपड्यावर फिरवत आणि तेवढाही उत्साह नसला तर पँटची घडी गादीखाली घालून रात्रभर वर झोपत. ही इस्त्री बिनखर्चाची, फक्त झोपेत कूस बदलायची सोय नाही.

कोलकात्यात येऊन राहिल्यावर कळलं की इथे इस्त्री हे वेगळंच प्रकरण आहे. एक तर हवा. वैशाखापासून आश्विनापर्यंत हवेत इतकं पाणी असतं की दोरीवरचा कपडा वाळला की नाही हे हाताने कळत नाही, गालाला लावून बघावं लागतं. श्रावणात तर आमच्याकडे इस्त्री सुरकुत्या काढायला नाही, कपडे वाळवायलाच काढतात. म्हणजे त्या कपड्यातलं पाणी जाणार कुठे, तर खालच्या कव्हरात.

आणि दुसरी इथल्या लोकांची हौस. बंगाली माणूस बाकी कशातही ढिला असेल, पण सणाच्या दिवशी कपड्यात ढिलेपणा चालत नाही. ताँतेर साडी भाताच्या पेजेत नाहीतर साबुदाण्याच्या खळीत बुडवून अशी कडक करतात की बाई बसली तरी साडी उभी राहावी. दुर्गापूजेत अष्टमीच्या अंजलीला मंडपात गर्दी झाली की या साड्यांचा एकमेकींना घासून जो आवाज होतो, तो ऐकण्यासारखा असतो. पुरुषांची तऱ्हा याहून नाजूक. ‘गिले’ केलेला पंजाबी म्हणजे झब्बा. त्याच्या बाह्यांवर बारीक बारीक चुण्यांची लाट असते. ती इस्त्रीने पडत नाही. कोकणात जिला गारंबी म्हणतात त्या वेलीची चपटी, तपकिरी, दगडासारखी टणक बी घेऊन जुने धोबी ती बाहीवर दाबून दाबून एकेक चुणी पाडत. आपण सुरकुती घालवायला धडपडतो. इथले बाबू पैसे देऊन पाडून घेत. असं करणारे हात आता फार थोडे उरलेत.

खळीचा कपडा आणि इस्त्रीचं कव्हर यांचं मात्र हाडवैर. खळ गरम लोखंडाला चिकटते, करपते आणि तिचा तपकिरी पापुद्रा कव्हरावर बसतो. पुढच्या खेपेला त्याच जागी पांढरा रुमाल पडला की तो पापुद्रा रुमालाचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका कृष्णचूडाच्या झाडाखाली इस्त्रीवाला उभा असतो. मूळचा बिहारमधला, कोळशाची अवजड इस्त्री, कडेला पाण्याचा वाडगा. एकदा गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्याला टेबल उघडून दाखवायला सांगितलं. त्याला आधी वाटलं, मी काहीतरी चोरीचा आळ घेतेय. मग त्याने एकेक थर उचलला. सगळ्यात वर पांढरं जाड सुती कापड, मऊ झालेलं, पण ताणून इतकं घट्ट बसवलेलं की त्यावर टिचकी मारली तर आवाज यावा. खाली जुन्या चादरीची चौघडी. त्याखाली रेल्वेच्या डब्यात मिळतं तशा तपकिरी कांबळ्याच्या दोन घड्या. मग लाकूड. कापडाची चारही टोकं फळीखालून सुतळीने एकमेकांना बांधलेली. डाग म्हणाल तर एकच, उजव्या कोपऱ्यात, इस्त्री टेकवायच्या पत्र्याशेजारी. “ऊपर से तो खाली दबाते हैं, भाभीजी,” तो म्हणाला, “काम नीचेवाला करता है.” इतकी वर्षं बँकेत काढल्यावर हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण कपड्यांच्या बाबतीत ते नवीन होतं.

मग कपडे त्यालाच का देत नाही, असं कुणीही विचारील. त्याचं कारण म्हणजे आमच्या घरी इस्त्री हे करतात. रविवारी सकाळी नाट्यगीतं लावायची, बाटलीने पाणी शिंपडायचं आणि आठवड्याचे कपडे हातावेगळे करायचे, हा यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. शेजारच्या बौदींनी, म्हणजे वहिनींनी, पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा त्या साखर मागायला आल्या होत्या. साखर न घेताच परत गेल्या. तेव्हापासून त्या यांच्याशी फार आदराने बोलतात आणि माझ्याशी जरा जपून.

आमच्या टेबलाचं मूळ कव्हर कसं होतं ते सांगायला हवं, कारण बहुतेक घरांत तसंच असतं. वर पॉलिएस्टरचं पातळ फुलाफुलांचं कापड, खाली करंगळीहून पातळ स्पंज आणि कडेने इलॅस्टिक. इस्त्रीच्या चकतीवर तीन ठिपके असतात: एका ठिपक्याला सुमारे ११० अंश सेल्सिअस, दोनला १५०, तीनला २००. सुती शर्टासाठी तिसऱ्या ठिपक्यावर गेलं की शर्ट खूश असतो, पण खालचं पॉलिएस्टर चकाकायला आणि आकसायला लागतं. स्पंज रोजच्या उष्णतेने आधी पिवळा पडतो, मग कडक होतो, मग त्याचा भुगा होतो. मग फळीच्या जाळीची नक्षी शर्टावर उमटते. आणि इलॅस्टिक! इथल्या दमट हवेत ते एका पावसाळ्यात हाय खातं. मग इस्त्री पुढे गेली की कव्हर पुढे, मागे आली की मागे, आणि त्याला पडलेल्या सुरकुत्या इमानेइतबारे शर्टावर छापल्या जातात. दर रविवारी आमच्याकडे हे वस्त्रहरण चाले आणि हे दुःशासन आणि कृष्ण अशा दोन्ही भूमिका करत. शेवटी फळीच्या खालून कागदाचे काळे चिमटे लावले. टेबल उलटं केलं तर एखादी फाइल वाटावी.

म्हणून चैत्रात आम्ही गडियाहाटला गेलो. आपला चैत्र वर्षाचा पहिला महिना, बंगाल्यांचा शेवटचा. आपण गुढी उभारून नव्या वर्षाची खरेदी काढतो तेव्हा ते जुन्या वर्षाचा माल संपवायला ‘चैत्र सेल’ लावून बसलेले असतात. पोइला बैशाखपर्यंत गडियाहाटच्या फुटपाथवर चालायचं नसतं. गर्दी नेईल तिकडे जायचं असतं. नाइटी, गमछे, पडदे, चादरी, प्लॅस्टिकचे डबे आणि दोन चादरींच्या ढिगांमध्ये इस्त्रीच्या टेबलाची कव्हरं. सोबत बौदी होत्याच. त्यांच्याशिवाय गडियाहाटला जाणं म्हणजे वकिलाशिवाय कोर्टात जाणं.

चित्रं तरी किती! कॉफीचे कप, लंडनची लाल बस, गुलाब आणि आयफेल टॉवर. त्या आयफेल टॉवरवर दर रविवारी तापलेलं लोखंड फिरवायचं, यात कुणाला काय सुख मिळत असेल? विक्रेत्याने कव्हर फटकन माझ्यापुढे अंथरलं. इस्त्री करणारे माझ्या शेजारी उभे होते, पण त्यांच्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. यांनी खिशातून कागद काढला आणि टेबलाची लांबी १२२ सेंटिमीटर, रुंदी ३८, नाकाशी वळण इतकं, असं पुणेरी बंगालीत सांगितलं. त्याने ते मन लावून ऐकलं आणि मला म्हणाला, “मोटामुटी होये जाबे, बौदी.” म्हणजे साधारण बसेल. यांनी वाफेच्या इस्त्रीचं विचारलं. त्याने मलाच सांगितलं, वाफ-बिफ सगळं चालतं.

मग त्याने ठेवणीतला माल काढला. चंदेरी कव्हर. यात उष्णता परत फिरते म्हणे, म्हणून एका बाजूने इस्त्री केली की दोन्ही बाजूंनी होते. जळत नाही, डागत नाही, आयुष्यभर टिकतं. यातली पहिली गोष्ट खोटी नाही. सुती कापडावर ॲल्युमिनियमचा लेप असला तर तो उष्णता वर परतवतो आणि काम जरा लवकर होतं. न जळणाऱ्या कव्हराचा सोस तर जुनाच आहे. अमेरिकेत एके काळी त्यासाठी चक्क ॲस्बेस्टॉस घातलेली कव्हरं घरोघर वापरली गेली. त्यापुढे आयफेल टॉवर परवडला.

बौदी चंदेरीवर भाळल्या. किंमत चारशे. इथे यांच्या अंगात पेठ संचारली. चारशेतला चौथा हिस्सा कमी कर, म्हणून हे अडून बसले, आणि विक्रेता कंटाळून तीनशेवर आला. बौदी हसत म्हणाल्या, बर्गी आले आणि चौथाई घेऊन गेले! बर्गी म्हणजे मराठे स्वार. मराठी माणसाने बंगालमध्ये हे कधीतरी ऐकायचंच असतं. इथल्या अंगाईगीतात बाळाला आपल्या नावाने भीती घालून झोपवतात. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने इंग्रजांच्या कलकत्त्यात १७४२ मध्ये ‘मराठा खंदक’ खणायला घेतला. तो पुरा झालाच नाही आणि मराठे शहरापर्यंत आलेही नाहीत. पुढे १७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलिवर्दी खान याने चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये कबूल केले. खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात मराठा डिच लेन मात्र अजून आहे. इतक्या तयारीने ज्यांची वाट पाहिली, ते अखेर आले ते गडियाहाटला, शंभर रुपयांसाठी.

आम्ही स्वतःसाठी काहीच घेतलं नाही. यांच्या मापाचं, सुती आणि बिनचित्राचं, असं कव्हर त्या ढिगात नव्हतं.

बौदींचं चंदेरी प्रकरण गणपतीत निकालात निघालं. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात आमची ओळख झालेले विट्याकडचे एक गलाईवाले प्रसादाला घरी आले होते. बडा बाजारच्या सोनापट्टीत सोनं-चांदी गाळण्यात त्यांची हयात गेली. सोनं १०६४ अंशांवर वितळतं आणि चांदी ९६२ वर, हे ज्यांना चष्मा न लावता दिसतं, अशा माणसापुढे २०० अंशांची काय मातब्बरी? बौदींनी कौतुकाने कव्हर आणून दाखवलं आणि तक्रारही केली की पावसाळ्यात यावर कपडे ओलेच राहतात. त्यांनी ते हातात घेतलं, उलट बाजू पाहिली, नखाने कोपऱ्यात खरवडलं. नखाला करडी पावडर लागली.

“मुलामा हाय, वैनी,” ते मला म्हणाले. “आन् त्योबी पातळ. उष्णता परत फिरती, खरं हाय. पर वाफ कुठं जानार? खाली वाट न्हाई. मग पानी हुन हितंच बसती.”

मी हे बौदींना बंगालीत समजावलं. सोनारांच्या पेठेतल्या माणसाने चांदी खोटी ठरवल्यावर अपील नसतं. बौदींनी कव्हर घडी करून नेलं. आता ते त्यांच्या वॉशिंग मशीनवर अंथरलेलं असतं आणि तिथे शोभतंही.

दिवाळीत सासूबाई आल्या आणि कव्हराचा प्रश्न पुन्हा पेटला. त्यांचं म्हणणं, टेबल भंगारात द्या, पलंगावर गोधडी घाला. बौदी म्हणाल्या, गोधडी कशाला, काँथा घाला. दोन्हींची कुळकथा एकच: जुन्या सुती साड्यांचे थर आणि त्यांवर धावदोऱ्याच्या ओळी. इस्त्रीखाली याहून चांगलं अस्तर नाही. मऊ, हवा खेळणारं आणि दोनशे अंशांना न डगमगणारं. पण प्रत्यक्ष घालायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी सुचवलं की बौदींचा काँथा घ्या, आणि बौदींच्या मते खरी मजबुती गोधडीतच. स्वतःच्या आजीच्या हातचे टाके गरम लोखंडाखाली घालायला कुणीही तयार नव्हतं. अगदी रास्त आहे. दोन्ही आजकाल दुकानात काचेमागे दिसतात.

मग आम्ही कांबळं काढलं. कोलकात्याची थंडी जेमतेम दीड महिन्याची, तीही पारा १८ वर आला की बंगाली बाबू माकडटोपी चढवतात म्हणून कळणारी. घरातली कांबळी उरलेलं वर्ष कपाटात निवृत्त असतात. त्यातलं एक जुनं, लोकरीचं, टेबलाच्या मापाने दुहेरी कापलं. बडा बाजारातून मांजरपाट आणलं. इथे त्याला मार्किन कापड म्हणतात. ते आधी गरम पाण्यातून काढलं, कारण मांजरपाट धुतल्यावर आटतं आणि शिवल्यावर आटलं तर मग टेबल कापावं लागतं. कोपऱ्यावरच्या शिंप्याने सगळीकडून चार बोटं जास्त ठेवून कापलं, नेफा दुमडला, नाडी ओवली. इलॅस्टिक लावू का, असं त्याने विचारलं. त्यावर हे ज्या नजरेने त्याच्याकडे बघत राहिले, त्यानंतर त्याने पुन्हा विचारलं नाही. नाडी खालून ओढून गाठ मारली की कापड हलत नाही. मळलं तर काढून धुता येतं आणि पावसाळ्यात कांबळ्यावर बुरशीचे काळे ठिपके दिसले तर दोन्ही उन्हात टाकता येतात. ऊन पडलं तर.

कांबळ्याचा आणखी एक फायदा बौदींनी शोधला. त्यांची काँथा कामाची तसरची साडी उलटी करून या टेबलावर घातली की टाके मऊ लोकरीत रुततात आणि चेपत नाहीत. शर्टाची बटणंही तशीच: उलटं टाकायचं, बटणं खाली बुडतात, वरून इस्त्री सरळ जाते. कडक फळीवर हे होत नाही. तिथे बटण तुटतं किंवा कापडाला त्याचा ठसा लागतो. आता बौदींच्या साड्यांना आमच्याच घरी इस्त्री होते. करतात हे. मी काही बोलत नाही.

सगळ्यांनाच मांजरपाट आणि शिंपी यांच्या नादी लागायला वेळ नसतो, हे मला कबूल आहे. तयार कव्हर घ्यायचं असेल तर चित्र बघू नका, उलटी बाजू बघा. वरचं कापड शंभर टक्के सुती हवं आणि खालचं अस्तर स्पंजाचं नव्हे, दाबून बसवलेल्या जाड फेल्टचं हवं. चिमटीत धरून दाबल्यावर बोटं एकमेकांना लागली तर परत ठेवा. कडेला नाडी असावी, इलॅस्टिक नको. रंग पांढरा नाहीतर अगदी फिका, कारण भडक छापील कापडाचा रंग वाफेने सुटतो आणि सुटला की तुमच्याच कुर्त्यावर जातो. शिवाय करपल्याचा डाग पांढऱ्यावर लगेच दिसतो. यांची तक्रार नेमकी तीच आहे, पण तिला मी किंमत देत नाही. चंदेरी घ्यायचंच असेल तर कोरड्या इस्त्रीसाठी घ्या. वाफेच्या इस्त्रीला आणि कोलकात्याच्या श्रावणाला ते उपयोगाचं नाही.

आणि दुकानात जाण्याआधी टेबल मोजा: लांबी, सगळ्यात रुंद जागा आणि नाकाजवळची अरुंद जागा, तिन्ही. विक्रेता ‘मोटामुटी’ म्हणाला की कव्हर खाली ठेवून पुढच्या दुकानात जा.